अंगठ्याची गोळी

वळसंग,
सोमवार, १९ फेब्रुवारी २०२४

चि. महेश्वरी हिला ईरप्पाकाकाचे आशीर्वाद.

फोन का केला नाही असं तू विचारशील, म्हणून आधीच सांगतो. फोनवर कुणीतरी बोलतंय एवढंच मला कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. मग मी सगळ्याला "व्हय, व्हय" म्हणतो. मागच्या वेळी आमचा प्रभु पुण्याहून काहीतरी विचारत होता. मी व्हय म्हणालो, आणि आठवड्याभरात दोन माणसं येऊन घरावर टीव्हीची नवी तबकडी बसवून गेली. त्यापेक्षा पोस्ट बरं. तुझ्या बापालाही मी पत्रंच लिहायचो.

बातमी अशी, की तुझ्या निंगव्वाकाकूला आई आली होती, देवीआई. महिन्याच्या सुरुवातीला सणसणून ताप आला. डोळे लाल झाले, ओठ फुटले, तोंड इतकं सोललं की पाण्याचा घोट जाईना. लघवीला गेली की कळवळायची. मग छातीवर डाग उठले, मध्ये काळपट आणि कडेनं तांबूस. शेजारची केराबाई बघून गेली आणि म्हणाली, "आई हाय." निंगव्वानं स्वतःच कानडीत "अम्मा बंदाळ", आई आली, म्हणून हात जोडले. आई आली म्हटल्यावर पुढचं तुला ठाऊक आहे. दाराला कडुलिंबाचा पाला, अंथरुणावर पाला, घरात फोडणी बंद, बाहेरचं माणूस आत नाही आणि औषध तर नाहीच. म्हणून तुलाही कळवलं नाही. तू डॉक्टरीण पडलीस, औषध घेऊनच आली असतीस.

मग डागांचे फोड झाले. एके दिवशी तिला कुशीवर वळवताना पाठीची कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी माझ्या हाताला लागून आली. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. ही जाते असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

पण गेली नाही. आई आली तशी निघून गेली, खाली गुलाबी कातडी धरली, परवा आंघोळ घातली. आता गावातल्या बायका पाया पडायला येतात. निंगव्वा खाटेवर बसून आशीर्वाद देते आणि माझ्याकडं अशी बघते, की मीही रांगेत उभं राहावं.

१ मार्चला, शुक्रवारी, आईची ओटी भरायची आहे. तू ये. येताना डाग जातील असं एखादं मलम आण. डोळे अजून लाल आहेत आणि उजेड सोसत नाही, पण ती उष्णता आहे, उतरेल. बिनफोडणीचं वरण खाऊन माझी मात्र जीभ मेली आहे.

तुझा,
ईरप्पाकाका


सोलापूर,
बुधवार, २१ फेब्रुवारी २०२४

ती. काकांना शरणु शरणार्थी.

पत्र आत्ता दुपारी मिळालं. मलम पाठवत नाही.

तुम्ही मला 'कातडीची डॉक्टर' म्हणून चिडवता ना, मग कातडीबद्दल थोडं ऐका. देवीचा रोग मी जन्मायच्या आधीच जगातून गेला. कांजिण्या मोठ्या माणसालाही होतात, पण त्यात पाठीची कातडी अशी हातात येत नाही. तुम्ही जे लिहिलंत ते मी आमच्या वॉर्डात वर्षातून चार-पाचदा बघते. ते औषधानं होतं. एखादी गोळी हजार माणसांना सोसते आणि एखाद्याच्या अंगाशी वैर धरते. नवीन औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ताप येतो, डोळ्यांची आग होते, तोंड सोलतं. लोकांना तो साधा ताप वाटतो, आणि त्या तापावर आणखी चार गोळ्या दिल्या जातात. मग डाग, फोड आणि कातडी सुटणं. अशा माणसाला भाजलेल्या माणसासारखं सांभाळावं लागतं. सलाईन, जखमांची निगा, रोज डोळ्यांचे डॉक्टर. एवढं करूनही काही जण आमच्या हातून जातात. काकू घरी पाल्यावर पडून वाचली हे वाचून मला आनंद झाला आणि घामही फुटला.

या दुखण्यावर सगळ्यात पहिला आणि मोठा उपचार एकच, ज्या औषधानं झालं ते थांबवणं. आई घरात आहे म्हणून तुम्ही औषध बंद केलंत. माझ्या मते काकू त्यानं वाचली, बाकी नशीब. आईच्या सगळ्या नियमांत हा एक नियम मी कपाळाला लावायला तयार आहे.

पण ओटी झाली की हा नियम सुटणार, आणि मला त्याचीच भीती वाटते. तेच औषध पुन्हा पोटात गेलं तर दुसऱ्या खेपेला अंग आठवडे थांबत नाही. एक-दोन दिवसांत सगळं पुन्हा पेटतं, आणि पहिल्यापेक्षा जोरात. काकूचं वय बघता ती त्यातून उठणार नाही. हे असं उघड लिहिते, कारण फोनवर तुम्ही व्हय म्हणून मोकळे झाला असतात.

संक्रांतीच्या आसपास तिनं नवीन काय घेतलं ते दोघं बसून आठवा. गोळी, सुई, मेडिकलवाल्यानं दिलेली पुडी, कुणाचा काढा, काहीही. उद्या ओपीडी संपली की मी येते. तोवर तिच्या तोंडात औषध म्हणून काही जाऊ देऊ नका. पत्र आपल्या श्रीमंतच्या दूधगाडीबरोबर देते आहे, म्हणजे पोस्टाआधी पोचेल.

तुमची,
महेश्वरी


वळसंग,
रविवार, २५ फेब्रुवारी २०२४

चि. महेश्वरीस आशीर्वाद.

तू आलीस, फडताळ उपसलंस, ओव्याच्या डबीचासुद्धा वास घेतलास आणि रागावून गेलीस. आता माझंही थोडं ऐकून घे.

निंगव्वा तुझ्यासमोर आईची शपथ घेऊन बोलली, "माज्या नावाची एक गोळी ह्या घरात न्हाय. कसल्या डागदराचं तोंड मी बगितलं न्हाय." मीही तेच सांगितलं. खोटं काय होतं त्यात? तिला डॉक्टर ठाऊक नाहीत. प्रभुच्या वेळीही ती घरीच बाळंत झाली. तू तिला पाचदा तोच प्रश्न विचारलास. बाई शेवटी रडली. बाहेर केराबाई होती, त्यामुळे आता गावभर झालं आहे की ईरप्पाच्या पुतणीनं आईवर संशय घेतला.

त्याच संध्याकाळी तिला उचलून सोलापूरला न्यायला निघालीस, तेही आवडलं नाही. ओटी भरल्याशिवाय आईचं माणूस उंबरा ओलांडत नाही. डोळ्यांच्या पापण्या आतून चिकटायला लागल्यात, उशीर झाला तर दिसायचं कमी होईल असं तू म्हणालीस. तू म्हणतेस तर असेलही, मी त्याला नाही म्हणत नाही. पण शुक्रवार काय लांब आहे? तू ठेवून गेलेले थेंब कोनाड्यात आहेत. ओटी झाली की घालू आणि तुझ्या दवाखान्यातही येऊ. मीच घेऊन येतो.

शुक्रवारची वाट मीही बघतो आहे. औषध बंदचा नियम घरातल्या सगळ्यांना असतो, त्यामुळे माझा अंगठा पिकल्या वांग्यासारखा झाला आहे. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला सोलापुरात आलो होतो, तू तेव्हा परगावी होतीस. तेव्हा एका डॉक्टरांना पायाचा अंगठा दाखवला. रक्त तपासून त्यांनी युरिक अ‍ॅसिडची गोळी दिली. चांगली लागू पडत होती. आईच्या घरात औषध नको, म्हणून पाकीट सध्या गोठ्यात ठेवलं आहे. शुक्रवारी रात्रीपासून आम्ही दोघंही पुन्हा सुरू करू. दोघं म्हणजे, तिचे गुडघे दुखतात म्हणून माझ्यातलीच अर्धी मी तिला देत होतो. अडकित्त्यानं सुपारीसारखी कातरायची, अर्धी मला, अर्धी तिला. आमचा चहाही तसाच असतो. ती नको नको म्हणायची. मी म्हटलं, माझ्या अंगठ्याला चालते तर तुझ्या गुडघ्याला काय धाड भरली आहे? तिलाही गुण आला होता.

तेव्हा शुक्रवारनंतर सगळं पहिल्यासारखं होईल. राग सोड आणि ओटीला ये. पुरणपोळी आहे, आणि कटाच्या आमटीला फोडणी आहे.

तुझा,
ईरप्पाकाका


सोलापूर,
गुरुवार, २९ फेब्रुवारी २०२४

ती. काकांना शरणु शरणार्थी.

तीच गोळी, काका.

पत्र संध्याकाळी घरी आल्यावर वाचलं. युरिक अ‍ॅसिडची ती गोळी, अ‍ॅलोप्युरिनॉल, या दुखण्याच्या नेहमीच्या कारणांत अगदी वर आहे. संक्रांतीला सुरू केली आणि महिन्याच्या सुरुवातीला ताप आला, हिशोबही बरोबर बसतो. अर्धी होती म्हणून काही कमी होत नाही. आणि गुडघ्याशी तिचा काही संबंध नाही, काकूला आला तो गुण तुमच्या आग्रहाचा.

गोळी तुमच्या नावाची होती, म्हणून तुम्ही दोघं प्रामाणिकपणे 'काही घेतलं नाही' म्हणत राहिलात. मी काकूला पाचदा विचारलं. घरात कुणाकुणाच्या गोळ्या आहेत, हे एकदाही विचारलं नाही. ते माझ्याकडून राहिलं.

उद्या रात्री ती गोळी काकूला द्यायची नाही. उद्याच नाही, कधीच नाही. तुमचीही मला विचारल्याशिवाय सुरू करू नका.

प्रभुला फोन केला, त्याला सकाळीच निघता येईल, उद्या दुपारशिवाय पोचणार नाही. केराबाईंना फोन करून सगळं नीट सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, "सांगते की, त्यात काय." त्या काय सांगतील याचा भरवसा नाही, म्हणून हे लिहून पहाटे श्रीमंतच्या हाती देते. आज रात्री वॉर्डात माझी पाळी आहे, ती सोडता येत नाही. उद्या संध्याकाळच्या आत मी वळसंगला असेन आणि काकूला घेऊन जाईन. उंबऱ्याचं आता मला सांगू नका.

महेश्वरी


वळसंग,
सोमवार, ४ मार्च २०२४

चि. महेश्वरीस आशीर्वाद.

शुक्रवारी तू आलीस तेव्हा मी गोठ्यात बसलो होतो आणि तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. निंगव्वाला गाडीत बसवलंत तेव्हाही मी उठलो नाही. मी तुझ्यावर रागावलो आहे असं तुला वाटलं असेल. काय झालं होतं ते लिहितो. प्रभुला सांगायला जीभ वळली नाही.

श्रीमंतनं तुझं पत्र सकाळीच दिलं होतं. घरात बायकांची गर्दी, म्हणून न फोडताच सदऱ्याच्या खिशात ठेवलं. दुपारी ओटी सुरू झाली. निंगव्वा पाटावर बसलेली, समोर खण-नारळ, अंगणात अर्धं गाव. केराबाई निरोप पोटात घेऊन आदल्या रात्रीपासून फिरत होती. तिनं मला गाठलं आणि नेहमीसारखं कानाशी तोंड आणून ओरडली. बहिऱ्याला सांगायचं म्हणजे चारचौघांना सांगणंच असतं. "आवं ईरप्पा, आई बिई काय न्हाय म्हणं! तुमी बायकूला गोळी चारली, त्येनं तिचं कातडं गेलं! महेश्वरीनं फोन केलाय!"

मला ते ऐकू आलं. सगळ्यांनाच आलं. ओटी भरणारी बाई तांदूळ हातात धरून तशीच थांबली. माझ्याकडं बघत नाही असा एक माणूस राहिला नाही.

मग निंगव्वा पाटावरून बोलली. आवाज वर न करता, पण तिचे ओठ मला वाचता येतात. "केरा, आईनंच त्या पोरीच्या तोंडनं निरोप धाडलाय. गोळी घरात ठिवू नगा म्हणून. ह्येंनी काय केलं न्हाय. तू वटी भर." एवढं बोलून तिनं मला गोळ्यांचं पाकीट आणायला लावलं आणि सगळ्यांच्या देखत माझ्या हातून घेऊन चुलीत टाकलं. बायकांनी हात जोडले. ओटी पुढं सुरू झाली.

तिनं माझी अब्रू झाकली, हे त्या अंगणात फक्त मला कळलं. मी गोठ्यात जाऊन तुझं पत्र फोडलं.

आता खरं ते लिहितो. तिची कातडी ज्या हाताला लागून आली, त्याच हातानं मी ती गोळी कातरून देत होतो. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत मी तिच्यावर हात उचलला नाही, याची मला मोठी घमेंड होती. रात्री खाटेवर पडलो की अडकित्ता दिसतो. मला फार वाईट वाटतं महेश्वरी, आणि लाजही वाटते.

प्रभु सांगत होता, की घरी आल्यावर डोळ्यांत दिवसातून आठ वेळा थेंब घालायचे आहेत आणि तोंडासाठीही औषध आहे. त्यातलं मी काही हातात धरणार नाही. यापुढं तिचं औषध माझ्या हातून नको. सूनबाईला पुण्याहून बोलावतो. ती नाही आली तर केराबाई आहेच, तोंड कसंही असलं तरी तिचा हात हलका आहे.

हे पत्र निंगव्वाला वाचून दाखवू नकोस.

तुझा,
ईरप्पाकाका


सोलापूर,
शनिवार, ९ मार्च २०२४

ती. काकांना शरणु शरणार्थी.

पत्र काकूला वाचून दाखवलं. तुम्ही नको म्हणाला होतात, पण पाकिटावरचं तुमचं अक्षर तिला ओळखता येतं. तिनं ते माझ्या हातात बघितलं आणि वाचल्याशिवाय जेवणार नाही म्हणाली. मी शेवटची ओळसुद्धा वाचली. त्यावर ती हसली.

आधी माझं सांगते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत चिकटलेल्या पापण्या सोडवल्या. डावा डोळा बरा आहे. उजव्यानं थोडं धूसर दिसेल, ते पूर्ण भरून येईल असं मी म्हणणार नाही. आणखी दोन आठवडे गेले असते तर तो डोळा गेलाच असता. थेंब कित्येक महिने घालावे लागतील, एक वेळही चुकवून चालणार नाही.

प्रभुला मी सांगितलं आहे, ही गोळी त्यालाही कुणी दिली तर काकूला काय झालं ते आधी सांगायचं. असं वैर कधी कधी रक्तातून येतं. तुमच्या अंगठ्याचं मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. तुम्ही तीन आठवडे घेतलीत आणि काही झालं नाही, तरी रक्त तपासूनच पुन्हा सुरू करायची की नाही ते ठरवू. केलीच तर ती तुमची एकट्याची, अख्खी.

आणि काका, अडकित्त्याचं. हे दुखणं कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. कुणी मोठ्या डॉक्टरनं तिला तीच गोळी लिहून दिली असती, तरी हेच झालं असतं. दुसऱ्याची गोळी द्यायची नसते, हे मी तुम्हाला दरवेळी सांगेन. पण तुम्ही तिला मारायला निघाला होतात असं मनात धरून बसू नका.

पुढचं काकू सांगते आहे तसं लिहिते. एक अक्षर बदललेलं नाही. पत्र उद्या पहाटे श्रीमंतच्या दूधगाडीबरोबर देते.

"आवं, ऐका. मी हितं बरी हाय. जेवाय बेस देत्यात, मीठ कमी असतंय. आई आली न्हवती आसं ही पोरगी म्हणती. म्हणू दे. येवढं कातडं गेलं आन् मी उटून बसली, ते काय तुमच्या अंगठ्याच्या गोळीनं? आई आली हुती आन् ती गोळी बी वाईट हुती. दोनी खरं आसाय काय हरकत हाय?

तुमी गोठ्यात बसताय म्हणं. म्हशीला काय सुख लागू देणार न्हाय तुमी. आपल्या घरात जाऊन बसा. केराला चहा दिऊ नगा, आन् तिला काय बी बोलू बी नगा, ती तशीच हाय.

सुनंला बोलवायचं न्हाय. तिची नोकरी हाय. केराच्या हातनं तर मी डोळ्यात काय बी घालून घेणार न्हाय, ती थेंब घालाय लागली तर गावाला आयकू जाईल. हितनं एक कार्ड दिलंय. त्येच्यावर त्या गोळीचं नाव हाय, हिला ही गोळी कदी दिऊ नका म्हणून. मला वाचाय येत न्हाय. तवा ते कार्ड तुमच्या खिशात ऱ्हाईल. कुटल्या बी डागदरानं मला काय बी दिलं, तर आदी तुमी कार्ड बगायचं, गोळी बगायची, मग तुमच्या हातनं मला द्यायची. दुसऱ्या कुणाच्या हातनं मी घेणार न्हाय. ह्या पोरीच्या बी न्हाय, तिला सांगितलंय तसं.

सोमवारी सकाळच्या एष्टीनं या. हात साबणानं धुवायचं, नखं काडायची, थेंब कसं घालायचं ते ही शिकवंल. पयल्यांदा तुमचा हात कापंल. कापू द्या. मी डोळा उगडा ठिवीन."